तंबाखूचं पाणी

गिरडच्या अलीकडे एका गावात कुंताबाई वांगी-मेथी पिकवायची, पण तिचं नाव होतं ते मुक्या जनावरांच्या औषधासाठी. कुत्र्याला गोचीड झाले की तंबाखूचं पाणी, बकरीचं पोट फुगलं की ओवा, कोंबडीचा पाय दुखावला की हळद-तेल. औषध सांगताना तिचा थाट असा, की शहरातल्या डॉक्टरनंही बाजूला उभं राहून ऐकावं.

हल्ली मात्र हा थाट वरवरचा होता. गेल्या माघात तिच्या पांढऱ्या मांजरीला, पिठीला, पिसवा झाल्या. कुंताबाईनं भर अंगणात, शेजारच्या अन्नपूर्णाबाई धरून चार बायकांदेखत, तिला तंबाखूच्या पाण्यानं आंघोळ घातली. कुत्र्याला चालतं ते मांजरीला का नाही चालणार? पण कुत्रं अंग झटकून मोकळं होतं. मांजर बसून केस न् केस चाटून काढते. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पिठीच्या तोंडाला फेस आला होता. दुपारपर्यंत ती संपली. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कुंताबाईनं सांगितलं, साप चावला.

तेव्हापासून तिच्या घरात चाटण्याचा आवाज येई. भर दुपारी, ती मेथी निवडायला बसली की पाठीमागून, खरखरीत जिभेचा, सावकाश. वळून पाहावं तर कोणी नाही. आधी आधी ती घाबरून अंगणात पळायची. एकदा तर वाटीत दूध ठेवून हातही जोडले. मग तिनं वळणंच सोडलं. आवाज यायचा आणि ती निवडत राहायची.

त्रेपन्न साली गावात शाळा उघडली आणि मधुकरराव मास्तर शेजारी राहायला आले. त्यांची बायको गोपिका एका सकाळी कुंपणावरून म्हणाली, "कुंताबाई, आमच्या मीराच्या मनीले लय पिसवा झाल्या. तुमचं ते तंबाखूचं पाणी करू काय? अन्नपूर्णाबाई सांगत होत्या, तुम्ही पिठीले धुतलं होतं म्हणून."

'मांजरीले लावू नका' असं कुंताबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढं सांगितलं की पिठी कशानं मेली हे गोपिकाला कळणार, आणि सांजेपर्यंत साऱ्या गावाला.

"थंडी हाये अजून, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "राहू द्या चार दिवस."

"ऊन तं मस्त पडून राह्यलं," गोपिका हसली. कुंताबाई आत निघून गेली.

दुपारी आवाज आला. आज जरा निराळ्या बाजूनं. कुंताबाईला रागच आला, मेल्यावरही एखादीनं किती छळावं! ती वळली नाही. एक जुडी बांधून झाली, दुसरी झाली. तेवढ्यात कुंपणापलीकडून मीरा ओरडली, "आई, मनी लाळ गाळून राह्यली वं!"

हातातली मेथी टाकून कुंताबाई धावली. ओली मनी उन्हात बसून अजून चाटतच होती आणि तिची मान लटपटत होती. कुंताबाईनं घागरभर पाणी तिच्यावर ओतलं, तिला पदरात आवळून धरलं.

"चाटू देऊ नका! माझी पिठी सापानं नाई मेली. या पाण्यानं मेली."

उशीर झाला होता. पदरातली थरथर थांबली तेव्हा मीरा जमिनीवर लोळून रडत होती. दोन जुड्या बांधल्या तेवढ्या वेळात हे जनावर वाचलं असतं, एवढंच कुंताबाईच्या डोक्यात फिरत होतं.

गोपिका पांढरीफटक पडली. "म्हणजे म्या मारली? सासूबाई मले घरात नाई घेणार आता."

"तुम्ही काऊन? म्या सांगतलं नाई म्हणून मेली," कुंताबाई म्हणाली. "पाप माझ्या नावावर राहू द्या."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "तंबाखूचं पाणी मांजरीले लावू नका. दोन्ही मांजरी म्या मारल्या. पिठी बी अन् मनी बी."

अन्नपूर्णाबाईनं आपली भरलेली घागर उचलून लांब ठेवली. दुसरीनं दोर ओढून घेतला. गोपिका मीराचं बोट धरून मागंच उभी होती. पाप आपणच मागून घेतलं होतं. तरी गोपिका बोलेल, निदान एक शब्द बोलेल, असं कुंताबाईला फार वाटलं. तिनं वळून पाहिलं. मीरा काहीतरी सांगू पाहत होती आणि गोपिकानं तिच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.