आंबट-काळं

“तुमी धरा वाटी. माजे हात थरथरतत,” विमला म्हणाली.

सगुणने स्टीलच्या वाटीत थोडी वाईन ओतली. मोरजीच्या ज्या हॉटेलात तो वेटर होता, तिथे नवी ग्रीक वाईन आली होती. ती कशाबरोबर द्यायची, हे संध्याकाळी शेफला सांगायचे होते. अशा प्रत्येक बाटलीतला उरलेला घोट तो पार्सेतल्या घरी आणत असे. त्याची बायको विमला चाखायची आणि जोडीचे जेवण सांगायची. त्याच्या सल्ल्यामागची जीभ तिची, हे हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होते.

केमो सुरू झाल्यापासून मात्र तिने काही चाखले नव्हते. उपचार संपले की चव बहुधा परत येते, असे बांबोळीच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते. उपचार संपून बरेच दिवस झाले होते. आज तिने स्वतःच वाईन मागितली होती.

“नाव काय म्हणालात?”

“क्सिनोमाव्रो. द्राक्षाचा नाव. त्यांच्या भाशेत आंबट-काळा.”

“म्हणजे आमची कोकमाची सोलांच की ओ!” ती हसली.

“पण काळी नाय गे. बघ, जुन्या विटेसारखी फिकी. वास टोमॅटोचो, सुक्या गुलाबाचो. आणि तुरट इतकी, काजीचो बोंडू चावल्यासारखी घशाक धरता.”

विमलाने घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. सगुण थांबून राहिला. वाईनचे काहीही होवो, हिची जीभ परत येऊ दे, एवढेच त्याच्या मनात होते.

“बांगड्याचा हुमण,” ती ठामपणे म्हणाली. “सोलां बांगड्यातच पडतत. आणखी खंय?”

सगुणने वाटी खाली ठेवली. तुरट लाल वाईन बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर घेतली, तर तोंडात लोखंडाची चव येते. हे त्याला तिनेच शिकवले होते. “शी! खिळो चोखल्यासारखा लागता,” असे म्हणून तिने एकदा घास थुंकला होता. आता तिला भातही तसाच लागत होता, पाणीही. हे उत्तर तिने जिभेवरून दिले नव्हते, नावावरून दिले होते.

“बरोबर,” तो म्हणाला. “बांगडोच.”

संध्याकाळी त्याने शेफला सांगितले, “चरबीचं मटण द्या. भाजलेलं वांगं, टोमॅटोचा आंबट रस्सा. पावसात रानातली अळमी मिळाली तर तीही चालेल. मासे नकोत.”

“विमलाबाईंनी सांगितलं?”

“हय,” सगुण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. आंघोळ करून तो आला तर विमला चुलीपाशी उभी होती. कित्येक महिन्यांनी. शेजारणीकडून तिने बांगडे मागवून घेतले होते.

“काल लोकांका आवडला?”

“सगळ्यांका.”

“मग आज तुमी खावा. त्यांचेच लाड कित्याक?”

तिने वाढले आणि समोर बसली. सगुणने पहिला घास घेतला. मीठ दोनदा पडले होते, कदाचित तीनदा.

“मीठ?”

“बरोबर आसा.”

तो जेवत राहिला. आणखी भात मागितला, वर हुमणाचा रस्सा घेतला. मधे एक भांडे पाणी प्यायला, मग दुसरे. विमला त्याच्या ताटाकडे पाहत नव्हती, भांड्याकडे पाहत होती.

मग तिने तांब्या उचलला आणि थरथरत्या हाताने ते भांडे पुन्हा भरले.