न निवडलेली मूठ

१९९३ साली मी जालन्याला बी.एस्सी. करत होते आणि संख्याशास्त्राचा मला नको तेवढा माज होता. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी पंधरा दिवसांवर आली तेव्हा टेंभुर्णीला घरी आले, तर बियाण्यावरून वाद. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यंदा कंपनीचं बी आणायचं होतं. माझी माय तुळजाबाई दरसाल घरचंच बी राखायची. तिचा सगळा जीव त्यात.

"शंभर दाने वल्या फडक्यात बांधले. शहाण्णव उगवले," ती म्हणाली. "आनखी काय पाह्यजे?"

"दाने घेतले कसे?" मी विचारलं.

"मूठ घेतली, निवडली, बांधली."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडच्या बायकांच्या हातात धान्य आलं की बोटं किडका दाणा आपोआप बाजूला सारतात. "अगं माय, ही तर निवडलेल्या दान्याची परीक्षा झाली. पेरतो ते न निवडलेलं!"

मग मी डोळे मिटून वीस मुठी काढल्या, प्रत्येकीतले शंभर दाणे मोजून पुरचुंड्या बांधल्या. चौथ्या दिवशी भिंतीवर ओळीनं आकडे लिहिले. ज्या पुरचुंडीत जितके उगवले, त्या आकड्यावर एक ठिपका; तोच आकडा पुन्हा आला की आधीच्या ठिपक्यावर दुसरा. एक सत्तरवर, एक शहाऐंशीवर, बाकीचे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास दाटीनं. मधे उंच, दोन्हीकडं उतरतं. घंटेच्या आकाराचा नॉर्मल वक्र मी नुसता पाठ केला होता. तो आमच्याच भिंतीवर पाहून हरखून गेले.

"ही तर खळ्यातली रास," माय म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "म्हंजे शंभरातले बावीस वाया?"

दादांनी कंपनीचं बी आणायला खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली. मला माझ्याच हुशारीचा राग आला.

मायनं सगळं बी ओसरीत ओतलं आणि सूप ओढलं.

"काय करून राह्यली गं?" मी विचारलं.

"मूठ बियासारखी न्हाई म्हनलीस ना? मंग बी मुठीसारखं करते."

तीन दिवस ती निवडत होती. दुसऱ्या दिवशी दादाही कुरकुरत शेजारी बसले. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आता घे डोळे मिटून."

पुन्हा वीस पुरचुंड्या, पुन्हा ठिपके. बहुतेक सगळे पंच्याण्णवच्या आजूबाजूला.

"रास सरकली की!" माय लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती. दादांनी पिशवी परत खुंटीला टांगली.