ठकीची चित्रांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण अभ्यासाची नव्हे हं! माझ्यात एकही धडा नाही. माझ्या जाड पानांवर छोटी छोटी चित्रं आहेत. पाणी, जेवण, आई, झोप, कान, पोट, दुखतंय, नको. चित्र ओढलं की सुटतं, दाबलं की पुन्हा बसतं.

मला ठकीच्या आईने बनवलं. ती घरी पिशव्या शिवते. पिशव्यांची उरलेली चिकटपट्टी, ती चर्रकन सुटणारी वेल्क्रो हो, कापून तिने एकेक चित्र बसवलं.

ठकी नऊ वर्षांची आहे. तिच्या तोंडून शब्द येत नाही. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. मग्न कसली! दिवसभर माझी पानं उलटायची आणि चित्र काढून घरातल्यांच्या तळहातावर ठेवायची. 'नको'चे तर कोपरे झिजले. "माझी ठकी भारी बडबडी आहे हो," आई सगळ्यांना सांगायची. मी अशी फुगायचे म्हणून सांगू!

मग ठकीची आत्या राहायला आली. मनाने वाईट नव्हती ती, पण मला तिचा राग आहे तो आहेच. ती म्हणाली, "अगं वहिनी, सगळं आयतं हातात मिळाल्यावर पोरगी तोंड उघडेल कशाला? चार दिवस लपव ती वही. अडलं की बोलेल आपोआप."

आई घुटमळली. बाबा म्हणाले, "बघू या करून. चारचौघांत किती दिवस चित्रं दाखवत फिरणार ती?"

शेवटी आईनेच मला कपाटावर ठेवलं.

पहिल्या दिवशी ठकी मला घरभर शोधत राहिली. तिने उशा उचकटल्या, शिलाई मशीनखाली वाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या कानावर थपडा मारू लागली. "नुसता हट्ट आहे, लक्ष देऊ नका," आत्या म्हणाली. मी वरून सगळं पाहत होते. माझ्या तिसऱ्याच पानावर 'कान' होता, शेजारी 'दुखतंय' होतं. पण मला मेलीला पाय कुठे आहेत! तिसऱ्या दिवशी तिने भिंतीवर डोकं आपटलं, तेव्हा बाबांनी तिचे हात टॉवेलने बांधले. चौथ्या दिवशी तिच्या उशीवर पू आणि रक्त दिसलं आणि सगळ्यांची धावपळ उडाली.

डॉक्टरांनी कान तपासला. "पडदा फाटलाय. पू आतपर्यंत पसरलाय. इतकं दुखत असताना पोरीने सांगितलं नाही?"



त्या कानाने ठकीला आता ऐकू येत नाही. घरी आल्यावर आईने मला खाली काढलं, पदराने धूळ पुसली आणि ठकीच्या मांडीवर ठेवलं. "चुकले गं माझी बाय," ती रडत म्हणाली. "बोल, काय हवं ते बोल." तिने तळहात पुढे केला.

ठकीने तिसरं पान उघडलं. 'दुखतंय' काढलं. आईच्या तळहाताकडे पाहिलं, आणि ते चित्र आपल्या फ्रॉकच्या खिशात घातलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात कोणी चित्रांनी किंवा खुणांनी बोलत असेल, तर ते त्याचं बोलणंच आहे. ते काढून घेऊ नका, हात जोडते. ठकी आजही पाणी मागते, जेवण मागते. 'दुखतंय' मात्र खिशातच असतं. दुखलं तरी ती ते कोणाच्या हातावर ठेवत नाही. आई रोज तिच्यासमोर तळहात धरून बसते.