तळाची डाळ

मी एक जुना डाव आहे. पत्त्यांचा नव्हे, मित्रांनो, स्वयंपाकघरातला, डाळ वाढायचा. माझा दांडा आता खिळखिळा झाला आहे आणि ओठाला पोचा पडला आहे. पण पातेल्याच्या तळाशी काय असतं आणि वर काय तरंगतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक असून काय उपयोग झाला, तेवढं ऐका.

कारखान्यात पत्र्याच्या तुकड्यावर दणका बसला आणि मला पोट आलं. मग दांडा जोडून मला चकचकीत केलं आणि भांड्यांच्या दुकानात उलटं टांगलं. तिथून एका नव्या नवरीने मला उचललं. हातात तोलून ती नवऱ्याला म्हणाली, "चांगला खोल आहे हो. एकदा बुडवला की वाटी भरेल." आयुष्यातलं ते पहिलं कौतुक ऐकून मी अगदी हुरळून गेलो.

नवरा हमाल होता, गोदामात पोती वाहायचा. बायको धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. पुढे त्यांना मुलगी झाली, तिला दोघंही चिमणी म्हणत. दूध-अंडी त्या घराला परवडणारी नव्हती. पण शेजारची शिंपीणबाई जाणती होती. "अगं, मसुरात मूठभर सोयाबीन टाकत जा. हरभरे भिजव, शेंगदाणे कुटून घाल. भाताबरोबर खाल्लं की अंगाला लागतं," असं तिने सांगितलं आणि बाईने ते मनावर घेतलं. डाळ इतकी दाट व्हायची की ढवळताना माझा दांडा वाकायचा. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग गोदामात माल उचलायला यंत्र आलं. हमालाला एक दिवस काम मिळे, दोन दिवस मिळत नसे. शेंगदाणे बंद झाले, सोयाबीन चिमटीवर आलं, पातेल्यातलं पाणी मात्र वाढत गेलं. तेव्हा बाईने आपल्या आईची जुनी रीत काढली. डाळ उतरवली की ढवळायची नाही, निवांत बसू द्यायची. दाणे तळाशी गेले की मला अलगद तळापर्यंत बुडवायचं आणि न सांडता वर काढायचं. तसा पहिला डाव नवऱ्याला, कारण तो ओझी वाहतो. दुसरा चिमणीला, कारण तिचं अंग वाढीचं. उरलेला गाळ बापलेकीच्या सकाळच्या डब्यांसाठी राखायचा. स्वतःसाठी मात्र ती मला वरच्यावर फिरवायची. माझ्या पोटात पिवळं पाणी यायचं आणि मी ते मुकाट तिच्या वाटीत ओतायचो.

त्या घरातल्या वाट्या चिनी मातीच्या होत्या, प्रत्येकीच्या तळाशी निळं फूल. एकदा चिमणी म्हणाली, "आई, तुझ्या डाळीतून फूल दिसतं. माझं का नाही दिसत?"

"माझं धीट आहे गं. तुझं लाजतं," आई म्हणाली. तिघंही खो खो हसली. मला हसू आलं नाही.

हळूहळू तिचे केस गळू लागले. पाय सुजले, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. इस्त्रीचा चटका बसलेली जखम भरेचना. शेवटी नवरा तिला दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर शिंपीणबाईला त्याने सगळं सांगितलं. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज डाळ-कडधान्य खाता का? ही म्हणाली, खाते. मीही म्हणालो, आमच्याकडे रोज डाळच असते हो. मग त्यांनी टॉनिक दिलं."

मित्रांनो, कुणीच खोटं बोललं नव्हतं. डाळ रोज शिजत होती, तीही रोज डाळीचीच वाटी तोंडाला लावत होती. मी खुंटीवर लटकून ओरडत होतो की हिच्या वाटीत दाणे नसतात हो! पण लोखंडाला कुठे वाचा असते? ती टॉनिकची बाटलीसुद्धा बाईने चिमणीलाच पाजली.

त्यानंतर साधा ताप आला. बाकीच्या गल्लीला येऊन गेला तसाच. सगळे उठले, ती उठली नाही.

कित्येक दिवस मला कुणी हात लावला नाही. मग एका संध्याकाळी चिमणीने मला खुंटीवरून काढलं. तिने डाळ उतरवली आणि बसू दिली. मला तळापर्यंत बुडवून बाबांची वाटी भरली. उरलेल्यातून बाबांचा डबा बाजूला काढला. मग अगदी आईसारखाच मनगटाला झोका देऊन मला वरच्यावर फिरवलं.

"तू घेतलीस का गं डाळ?" बाबांनी विचारलं.

"घेतली की, बाबा."

तो मान खाली घालून जेवत राहिला. तिच्या वाटीतलं निळं फूल मला लख्ख दिसत होतं. अजूनही रोज दिसतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. वाढण्याआधी त्याने डाळ एकदा तळापासून ढवळा. आणि जेवायला बसलात की, जी वाढते तिच्या वाटीत जरा डोकावून बघा. नुसतं विचारू नका. ती "घेतली" असंच म्हणेल.