हळदीतली रेकॉर्ड

माझी पहिली कॅसेट २००२ साली निघाली. खपली किती ते विचारू नका. चार तर मीच घेतल्या. पंधरा वर्षांनी ती परदेशातल्या कुठल्याशा हौशी कंपनीच्या हाती लागली आणि त्यांनी तिची चक्क काळी तबकडी काढली, जुन्या काळच्यासारखी. असल्या गाण्याला इंग्रजीत 'सोल', म्हणजे आत्मा, म्हणतात म्हणे. मी आपली घसा फोडून गायले होते. त्याला नाव आहे हे त्यांच्या मेलवरून कळलं.

तबकडीच्या पाकिटामागे मी एकच ओळ छापायला सांगितली : 'गाणं शिकवलं गुणाआत्याने.'

गुणाआत्या पनवेलजवळच्या विचुंबे गावची धवलारीण. लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे विधीच्या गाण्यांवर, चालतात. ती गाते तोवर भटजीसुद्धा घड्याळ बघत नाही. तिच्याच एका धवल्याची चाल मी कॅसेटवर कीबोर्ड-ड्रमच्या साथीने गायले होते. "देवाचं गानं बाजारात नेलंस," एवढं बोलून तिने कॅसेट परत दिली. पुढे आमचं लोणच्यावर, गुडघ्यांवर, सगळ्यावर बोलणं व्हायचं. गाण्यावर नाही. तिला वाचता येत नाही, म्हणजे ती ओळ दाखवून उपयोग नव्हता. तिने एकदा ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

भाची रोशनीच्या हळदीला संधी आली. बळीराम साऊंडवाल्याकडे त्याच्या बापाचा रेकॉर्ड प्लेअर होता, अजून चालणारा. डीजे सुरू व्हायच्या आधी, भर दुपारी, एक गाणं लावायचं त्याने कबूल केलं. आत्या मांडवात नवरीजवळ हळद कालवत बसली होती.

गाणं सुरू झालं आणि मी दचकले. तो माझा आवाज नव्हता. शेपटीवर पाय पडलेल्या खारीचा होता. बायका मात्र पदर खोचून उठल्या.

मी बळीरामकडे धावले. "अरे, स्पीड कितीवर ठेवलास?"

"पंचेचाळीसवर. तेहतीसवर लय संथ वाटलं, ताई. हळद हाय, बारसं नाय! बघा की, नाचतायत!"

खरंच नाचत होत्या. माझी वहिनी तर गिरक्या घेत होती.

तेवढ्यात आत्याने हात वर केला. धवलारणीने हात वर केला की मांडव गप्प होतो. बळीरामने सुई उचलली.

"ही किशोरी नाय," आत्या म्हणाली. "कोन हाय ही?"

"मीच आहे गं. याने मला पळवलीय."

"मंग चालव ना रं तिला, चालव!"

बळीरामने खटका फिरवला. आता माझा आवाज आला. नाचणाऱ्या बायका खाली बसल्या, वहिनीने तर उघड जांभई दिली. दोन कडवी झाली. आत्या वाटीतच बघत होती. तिसरं सुरू होणार, तोच म्हणाली,

"आता दम तुटंल तुजा."

आणि तुटला. लांबवलेल्या ओळीच्या अगदी मधोमध. स्टुडिओत मी तो बेमालूम लपवला होता, असं मला वाटत होतं.

"आत्या, तू हे आधी ऐकलंयस?"

"आयकलंय."

"कॅसेट तर परत दिलीस!"

"दिली. मंग पनवेलला जाऊन दुसरी इकत आनली. टेपात गुतून तुटली, तवर आयकली."

"आणि पंधरा वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलू? येवढं गोड गातंस आनि त्या जागी आपटतंस. धवला एकटीचा नसतो गो. एकीचा दम सरला का दुसरीनं धरायचा. तुला घाई, एकटीच गेलीस." तिने हळदीचा हात पदराला पुसला. "बळीराम, परत लाव. तिसरं."

सुई खरखरत बसली. मी रेकॉर्डमधल्या माझ्याबरोबर गायला लागले. तीच जागा आली, तसा रेकॉर्डमधला आवाज तुटला आणि माझाही. आत्याने ओळ वरच्यावर धरली. खणखणीत, पंच्याहत्तरीची बाई. माझे डोळे भरले, त्यामुळे पुढची ओळ मी चुकलेच.

"रडतंस काय? गा!"

"आत्या, डीजे कवा लावू?" बळीरामने विचारलं.

"हिला जमंल तवा."