सान पेद्रोची डावी भुवई

"चेहरा सगळ्यात शेवटी, इसिद्रा. आधी कान, मग मान, मग हात. आणि एक कधी विसरू नकोस. संताला जिवंत माणसाचं तोंड द्यायचं नाही. जिवंत माणूस उद्या काय करून बसेल, कुणी सांगावं? संताला मात्र शंभर वर्षं तसंच उभं राहायचं असतं."

ताताय गेले त्याला सोळा वर्षं झाली. पण इसिद्राने पटाशी हातात घेतली की वडिलांचा तो घोगरा आवाज अजूनही तिच्या उजव्या खांद्यामागून यायचा. शेवटच्या आजारात त्यांच्या हातावर हात ठेवून तिने तसा शब्दच दिला होता, आणि शब्द पाळणं ही इसिद्राला श्वासासारखी सवय होती. रोज उजाडायच्या सुमारास ती खिडकीपाशी बसून जपमाळ करी. पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच फेरे, पुरी झाल्याशिवाय कॉफीचा घोट नाही आणि लाकडाला हात नाही. पाएते गावात घरोघरी लाकूड कोरणारे. कुणी काम सुरू करताना रेडिओ लावतात, कुणी सिगारेट पेटवतात. इसिद्राचं आपलं हे असं.

तर अशा ह्या इसिद्राच्या हातून व्हायची ती चूक झालीच, आणि तिला स्वतःला तिचा पत्ताही नव्हता. पत्ता लागला तो लोला उपेंगना.

लोला म्हणजे आजी. अख्खं गाव त्यांना लोलाच म्हणे. ईस्टरआधीच्या पवित्र बुधवारच्या मिरवणुकीतला सान पेद्रो, येशूचा कोळी शिष्य आणि स्वर्गाच्या किल्ल्यांचा राखणदार, त्यांच्या घरचा. जुन्या मूर्तीचं डोकं वाळवीने आतून इतकं पोखरलं होतं की पुसायला घेतलं तर फडक्यात नाक आलं. म्हणून नवं डोकं आणि नवे हात इसिद्राकडे सांगितले होते. बाकी अंगाचं काय, आत फळ्यांचा सांगाडा आणि वरून भरतकामाचा झगा. झग्याखाली डोकावून बघायला कोण जातंय!

मिरवणुकीला अकरा दिवस उरले होते. त्या शनिवारी लोला छत्री टेकत कामाच्या खोलीत आल्या, केळीच्या पानातला चिकट भात इसिद्राच्या पुढ्यात ठेवला, चष्मा चढवला आणि चौरंगावरच्या डोक्यासमोर उभ्या राहिल्या. रंग वाळला होता, काचेचे डोळे बसले होते. इसिद्रा मनात म्हणाली, आता लोला क्रूसाची खूण करतील.

लोलांनी खूण केली नाही. त्यांनी डोकं एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या.

"ह्याला मी ओळखते," त्या म्हणाल्या.

"ओळखणारच, लोला. सान पेद्रो आहे."

"सान पेद्रो माझ्या खिडकीखाली माइक घेऊन गात नाही."

इसिद्राला काही कळेना. लोलांनी छत्रीच्या टोकाने आधी मूर्तीकडे दाखवलं, मग खिडकीबाहेर. रस्त्यापलीकडे आपल्या दारातल्या बाकावर शेजारी तेबान बसला होता. मांडीवर त्याचा झुंजीचा कोंबडा, कापितान. तेबान त्याची पाठ थोपटत त्याला काहीतरी समजावत होता.

इसिद्राने तेबानकडे पाहिलं. मूर्तीकडे पाहिलं. पुन्हा तेबानकडे. तेच उजवीकडे किंचित कललेलं नाक, तीच हनुवटीची खळी, आणि डावी भुवई, जी उजवीपेक्षा बोटभर वर चढून जणू विचारायची, 'खरं की काय?'

"अरे देवा," इसिद्रा खाली बसली.

"देवाला मध्ये आणू नकोस, तो काही खिडकीतून बघत कोरत नव्हता," लोला म्हणाल्या. "साठ वर्षं मी सान पेद्रोच्या मागून चालतेय. मूल दगावलं त्या वर्षीही चालले. नवस आहे माझा. पण तेबानच्या मागून एक पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते. पुढच्या शनिवारी येईन. तोंड बदललेलं नसलं तर ह्या वर्षी सान पेद्रो घराबाहेर पडणार नाही. मीही नाही."

त्या गेल्या. इसिद्रा चिकट भाताच्या पुडीकडे बघत बसली. ऐंशी उलटलेल्या बाईचा साठ वर्षांचा नवस तिच्या हाताने मोडणार होता, आणि तातायला दिलेला शब्द तर मोडलाच होता.

अशा बातमीला पाएतेत पाय फुटायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत ती तेबानपर्यंत पोचली आणि गडी खूश झाला. "मी आधीपासून सांगत होतो, माझ्यात काहीतरी आहे!" म्हणत त्याने बाक मध्यभागी ओढला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हाताची पाठ धरू लागला, कपाळाला लावून आशीर्वाद घ्या म्हणून. "रांगेत या. ढकलाढकली नको. स्वर्गाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, पण कापितानला दाणा घातल्याशिवाय मी दार उघडत नाही."

हे कौतुक रविवारपर्यंत टिकलं. रविवारी तेबान झुंजीच्या आखाड्यात गेला.

सोमवारी सकाळी तो इसिद्राच्या दारात उभा होता, काखेत कोंबडा आणि तोंड वाळलेल्या भोपळ्यासारखं.

"इसिद्रा, बदल तो चेहरा."

"काय झालं, कुया तेबान?" इसिद्रा त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणे.

"काय व्हायचं राहिलंय? दारावरच एकाने विचारलं, किल्ल्या कुठेयत? दुसरा म्हणाला, आज मासे पकडायला नाही गेलात? तेही चाललं असतं. पण ह्या गाढवाला," त्याने कोंबड्याला हलवलं, "रिंगणात सोडला, तर झुंजायचं सोडून आरवला. लोक मोजायला लागले. एक! मग दुसऱ्यांदा आरवला. दोन! आणि तिसऱ्यांदा आरवला तेव्हा आखाडा एका सुरात ओरडला, 'मी त्याला ओळखत नाही!' पंचसुद्धा ओरडला, इसिद्रा! पंच! कापितान घाबरून कुंपणावरून पळाला. झुंज न खेळताच हरला. माझ्या घराण्यात असं कधी झालं नाही."

इसिद्राला हसू आवरेना. जपमाळ खिशात होती, तिच्यावर हात ठेवून तिने ते कसंबसं गिळलं. येशूला पकडून नेलं त्या पहाटे सान पेद्रोने तीनदा त्याची ओळख नाकारली होती, आणि कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन तो ढसाढसा रडला होता. मूर्तीला तिने नेमकी तीच घटका दिली होती. मूर्तीच्या पायाशी बसवायचा लाकडी कोंबडासुद्धा रंगवून तयार होता.

"बदलायचाच आहे," ती म्हणाली. "इथे समोर बसा. काय काय तुमचं आहे ते बघून काढते."

तेबान स्टुलावर बसला. बढाया मारताना त्याने मूर्ती लांबूनच पाहिली होती. आता ती वीतभर अंतरावर होती. तो बघत राहिला. कापितानही बघत राहिला.

"हा रडतोय का?" त्याने विचारलं.

"रडून झालंय. आता काय करावं ते कळत नाहीये."

"मी असा कधी दिसलो?"

इसिद्राने पटाशी खाली ठेवली. खोटं बोलणं तिच्या नेमात बसत नव्हतं. "तीन आठवड्यांपूर्वी. सकाळी. पासिंग जीपमध्ये बसली तेव्हा."

पासिंग म्हणजे तेबानची बायको. भरतकामात तिचा हात धरणारी आसपास नव्हती. त्या सकाळी ती कपड्यांची पिशवी आणि भरतकामाची रिंग घेऊन लुंबानला बहिणीकडे निघून गेली होती. सान पेद्रोचा नवा झगाही तिच्यासोबत गेला होता. तो ती तिथेच बसून भरत होती.

"जीप वळली, तरी तुम्ही रस्त्यात उभे होतात," इसिद्रा हळूच म्हणाली. "माझी माळ चालू होती. मी बघायला नको होतं. चेहरा मी त्याच आठवड्यात कोरायला घेतला."

"हं."

"झुंज सोडतो म्हणून तुम्ही तिला शब्द दिला होता ना? कितीदा?"

तेबानने छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाताळात एकदा. तिच्या वाढदिवसाला एकदा. आणि तिसऱ्यांदा म्हटलं होतं, कापितानला तुझ्या हातात आणून देतो, हवं तर पपई घालून त्याचा रस्सा कर."

कापितानने मान ताणली आणि चोच उघडली. तेबानने झटकन त्याची चोच मुठीत धरली.

"आरवलास तर याद राख," तो कुजबुजला.

इसिद्राने पटाशी उचलून डाव्या भुवईला टेकवली. टेकवली, आणि उचलली. पुन्हा टेकवली. भुवई खाली आणली तर तेबान जाईल, हे दिसत होतं. पण सगळं दुःख त्या भुवईत होतं. ती खाली आली की चौरंगावर उरेल तो कुणीतरी म्हातारा, जेवून सुपारी शोधणारा. खांद्यामागून ताताय काही बोलेनात. मोक्याच्या वेळी गप्प बसायची त्यांची जुनीच खोड.

"कुया," ती म्हणाली, "लाकडातून तुम्हाला काढलं तर सान पेद्रोही जातोय."

"मग?"

"मग तुम्हीच बदला."

"कोण, मी?"

"जिवंत माणसाचं तोंड नको, असं ताताय म्हणायचे, कारण तो उद्या काय करील त्याचा भरवसा नसतो. तुम्ही भरवशाचे व्हा. मग माझा शब्दही मोडला नाही, आणि लोलांचा नवसही."

"एक्कावन्नाव्या वर्षी?"

"हे लाकूड नव्वद वर्षांचं होतं. तेही वळलं."

तेबान ताडकन उठला. "लाकडाला बायको नसते, शेजारी नसतात, आणि रविवार तर नसतोच नसतो! तू आपली लाकडी कोंबड्यावर पटाशी चालव. बाई इतकी हळू बोलते आणि माणसाला सोलून काढते!" आणि कापितानला काखेत दाबून तो तरातरा निघून गेला.

इसिद्राला वाटलं, संपलं. मंगळवारी तिने पटाशीला धार लावली. बुधवारी पुन्हा लावली. गुरुवारपर्यंत त्या पटाशीने दाढी करता आली असती, पण भुवईला ती लागली नाही. रोजच्या जपमाळेला तिने एक दशक वाढवलं, कुणासाठी ते सांगितलं नाही.

शनिवारी लोला उपेंग आल्या. चष्मा, छत्री, सगळं होतं. मूर्तीवर नजर टाकून त्या म्हणाल्या, "भुवई तिथेच आहे."

"आहे, लोला. मला जमलं नाही. माफ करा." आणि इसिद्राने घडलं तेवढं सगळं सांगून टाकलं. फक्त पासिंगला दिलेल्या वचनांचं तेवढं पोटात ठेवलं. ते तिचं गुपित नव्हतं.

लोला तोफ डागणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण लोला खिडकीकडे बघत होत्या. पलीकडचा बाक रिकामा होता.

"सोमवारपासून गाणं नाही," लोला म्हणाल्या. "मला वाटलं, माझे कान गेले. कानात तेल घातलं मी चार दिवस."

"गाणं बंद आहे, लोला."

"पाच दिवस म्हणजे काही फार नाहीत. पाच दिवस तर सैतानसुद्धा आजारी पडतो." त्या छत्री टेकत बाहेर रस्त्यावर आल्या. "बुधवारी मिरवणुकीत मी मान वर करून बघीन. सान पेद्रो दिसला तर चालीन. तेबान दिसला तर तिथूनच घरी परत. बरं, झगा कुठेय? लुंबानहून अजून आला नाही. कोण आणणार? माझा भाचा म्हणतो, उद्या रविवार, आखाडा आहे."

त्या हे रस्त्यावर उभ्या राहून, नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. पलीकडे तेबानच्या दाराची फट किंचित रुंदावली आणि पुन्हा मिटली.

दुसरा दिवस झावळ्यांचा रविवार. उजाडता उजाडता इसिद्रा खिडकीत माळ घेऊन बसली. लोक विणलेल्या झावळ्या हातात घेऊन चर्चकडे निघाले होते. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. तेबान बाहेर आला. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत, चपला हातात. खांद्याला वेताची पिशवी, आणि पिशवीतून कापितानचा लाल तुरा वर आलेला.

इसिद्राचं बोट तिसऱ्या दशकाच्या मण्यावर थांबलं. रविवार, कोंबडा, इस्त्रीचा सदरा. आखाड्याला माणूस असाच निघतो.

चर्चला जाणाऱ्यांतला कुणीतरी ओरडला, "सान पेद्रो! आज किती वेळा आरवणार?" बाकीचे हसले. तेबानची डावी भुवई वर गेली, तोंडही उघडलं. मग ते मिटलं. उत्तर न देणारा तेबान गावाने आज पहिल्यांदा पाहिला.

कोपऱ्यावर रस्त्याला दोन फाटे फुटत. डावीकडे आखाडा, उजवीकडे तळ्याच्या कडेने लुंबान, नवसाला चालतात तसं अनवाणी चाललं तर तीन तासांची वाट. तेबान फाट्यावर थांबला. एक जीपवाला थांबला, त्याला त्याने हाताने नको म्हटलं. डावीकडून कुठल्यातरी कोंबड्याची आरोळी आली, तशी कापितानने पिशवीतून मान वर काढली.

तेबानने तळहाताने त्याचं डोकं अलगद खाली दाबलं, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि उजवीकडे वळून चालू लागला.