बटण आणि ठेवणीतले तुकडे

मी एक जुना चिमटा आहे. चुलीतले निखारे उचलणारा तो दांडगा गडी नव्हे. मी बोटाएवढा, वाकड्या चोचीचा, शिंप्याच्या दुकानातला. कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनच्या पोटात दोरा ओवताना माणसाचं बोट जिथे पोचत नाही, तिथे माझी चोच पोचते. माझा जन्म झाला तो एवढ्याच कामासाठी.

एका कारागिराने मला पोलादाच्या पट्टीतून कापलं, वाकवलं आणि माझी टोकं घासून जुळवली. मग मला उजेडासमोर धरून पाहिलं. दोन टोकांमधून उजेडाची रेघसुद्धा येत नाही अशी खात्री पटल्यावर त्याने मान हलवली आणि मला पेटीत टाकलं. मित्रांनो, ती मान हलवणं मी अजून विसरलेलो नाही. आमच्यासारख्यांना शाबासकी वरचेवर मिळत नाही.

मशीनबरोबर मी ज्या घरात आलो तिथे पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार होता. शिंप्याला सगळी गल्ली दादा म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी. त्यांची एकुलती एक मुलगी बबडी. मशीनच्या पायाला एक खिळा होता, त्यावर मला टांगलं. तिथून मला माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त दिसायचे.

दादांची एक रीत होती. शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा एक तुकडा ते ठेवून घ्यायचे. कधी खिसा फाटला, कोपर विरलं, की गिऱ्हाईक परत यायचं आणि दादा मशीनखालच्या गाठोड्यातून त्याच कापडाचा तुकडा काढून असं ठिगळ लावायचे की शोधूनही सापडू नये. "दुकानं पुष्कळ आहेत," ते म्हणायचे, "पण तुकडा माझ्याचकडे मिळणार." त्या गाठोड्यावर त्यांचा जीव होता. वहिनींनी आवरायला हात लावला तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

मग त्या घरात बटण आला. कुत्र्याचं काळं, गोल, ओलं पिल्लू एक दिवस दुकानाच्या पायरीवर येऊन बसलं ते उठलंच नाही. बबडीने त्याला आत घेतलं, वहिनींनी नाक मुरडलं आणि दूधही दिलं. झोपायला त्याने स्वतःच जागा निवडली : मशीनखाली, माझ्या अगदी समोर, तुकड्यांच्या गाठोड्यावर.

"थाट बघा याचा," वहिनी म्हणाल्या, "आपण चटईवर आणि हा गिऱ्हाइकांच्या रेशमावर!"

दादा मशीन चालवायचे तेव्हा बटण त्यांच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकून पडायचा. उजवं पाऊल पेडलवर आणि डावं त्याच्या मालकीचं, अशी वाटणी ठरून गेली होती.

हे घर निष्काळजी होतं असं मात्र समजू नका. एका वर्षी डासांच्या तापाने वहिनींना पार झोपवलं होतं. तेव्हापासून वहिनी डोळ्यांत तेल घालून असायच्या. पिंपाला घट्ट झाकण, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या, बटणचं पाण्याचं भांडं रोज घासून पालथं. खिडक्यांना दादांनी स्वतः जाळ्या शिवल्या होत्या. डास आत येईल तर शपथ! बाहेरून येणाऱ्याला त्यांनी सगळ्या वाटा बंद केल्या होत्या.

एके दुपारी बबडी बटणचा कान चिवडत बसली होती.

"बाबा, याला गाठ आलीय. आणि बाबा... गाठीला पाय आहेत!"

दादांनी वाकून पाहिलं. "अगं, गोचीड आहे ही."

आधी त्यांनी तिच्यावर मशीनचं तेल सोडलं. गोचीड ढिम्म हलली नाही. मग मला खिळ्यावरून काढलं. माझी चोच कातडीला भिडली, गोचिडीला मुळापाशी पकडलं आणि न पिळता, न चिरडता सरळ वर ओढलं. अख्खी निघाली. साबणाच्या पाण्यात तिची वळवळ थांबली, तेव्हा बबडीने टाळ्या वाजवल्या.

"चिमटा कसला, डॉक्टर आहे हा!" दादा म्हणाले. त्या दिवशी मी खिळ्यावर जरा ताठच लटकलो होतो.

पण गोचिडी संपेनात. आज कानात, उद्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात, परवा पट्ट्याखाली. दादा कातावून म्हणायचे, "हा बाहेर उंडारतो आणि घेऊन येतो." बटणला बाहेर सोडणं बंद झालं, रोज अंघोळ सुरू झाली. तरी गोचिडी होत्याच.

त्या कुठून येतात ते मला दिसत होतं. रक्त पिऊन टच्च झालेली एखादी गोचीड बटणच्या अंगावरून आपोआप गळायची आणि हळूहळू गाठोड्याच्या घडीत शिरायची. काही दिवसांनी त्याच घडीतून मोहरीहून बारीक ठिपके बाहेर पडायचे आणि झोपलेल्या बटणच्या पोटावर चढायचे. मी हे हाताच्या अंतरावरून पाहत होतो. मला चोच आहे, तोंड नाही. त्या दिवसांत माझा जीव नुसता तुटायचा.

मग बटणने दूध सोडलं. अंग तापलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. दादा त्याला कापडात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. बटणला सुई टोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा झोपतो कुठे?"

बबडीने मशीनखाली बोट दाखवलं. बाईंनी गाठोड्याची एक घडी उलगडली आणि लगेच हात मागे घेतला.

"दादा, हे सगळं जाळा. नाहीतर कडकडीत पाण्यात उकळा. हा ताप गोचिडीचाच, आणि ती कुत्र्यावर थोडी आणि घरातच जास्त राहते. त्याला औषध दिलंय, पण या जागेलाही द्यायला हवं. भिंतीच्या फटीसुद्धा बुजवा."

"करतो," दादा म्हणाले.

फटी बुजवल्या. चटई जाळली. जमीन दोनदा धुतली. मग ते गाठोड्यापाशी येऊन उकिडवे बसले.

"उकळायचं ना?" वहिनींनी विचारलं. "पाणी ठेवते."

"उकळलं तर रंग जाईल गं. कापड आटेल. मग ठिगळ जुळणार कसं?"

"अहो, बाई काय म्हणाल्या..."

"झटकतो ना चांगलं! उन्हात घालतो."

त्यांनी एकेक तुकडा उन्हात झटकला, नव्या फडक्यात बांधला आणि गाठोडं परत जागेवर ठेवलं. औषधाने बटण सावरला होता, शेपूट हलवत होता. दादांना वाटलं, झालं. मित्रांनो, ते वाईट नव्हते. आयुष्यभराचं काम त्यांना असं उकळत्या पाण्यात घालवेना, एवढंच.

दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा बटणच्या नाकातून रक्त आलं. डॉक्टरीणबाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. शेवटच्या दुपारी तो खुरडत मशीनखाली आला आणि त्याने दादांच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकली. मशीन चालू होतं. मग थांबलं. ते डावं पाऊल मी संध्याकाळपर्यंत पाहत होतो. ते तसूभरही हललं नाही.

बटण गेल्यावर गोचिडींना बटण उरला नाही. काही दिवसांनी वहिनी बबडीची वेणी घालताना एकदम ओरडल्या. कानामागे, केसांच्या मुळाशी, एक होती. दादांनी मला खिळ्यावरून उचललं. गोचीड अख्खी निघाली. तरी त्यांनी बबडीला डॉक्टरांकडे नेलं, आणि नंतर कितीतरी दिवस दोघं नवराबायको तिच्या कपाळाला हात लावून बघत राहिली. ताप आला नाही. तेवढी कृपा झाली.

डॉक्टरांकडून परत आले त्याच दिवशी दादांनी अंगणात मोठं पातेलं चढवलं आणि सगळं गाठोडं त्यात सोडलं. लाल, निळे, हिरवे रंग सुटले, एकमेकांत मिसळले आणि शेवटी पाणी गढूळ झालं. दादा काठीने ढवळत होते. बबडी उंबऱ्यावर बसून होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आधी का नाही उकळलं?" दादांनी पातेल्याखाली आणखी एक लाकूड सारलं.

परवा एक बसकंडक्टर फाटका खिसा घेऊन आला. "तुमच्याकडे तुकडा असेलच म्हणा."

दादांनी तुकडा काढून शर्टावर धरला. विटका, आकसलेला.

"हा याचाच?"

"याचाच. उकळलाय."

"उकळलात? कशाला हो?"

"कुत्र्यासाठी."

कंडक्टर हसला आणि वाकून मशीनखाली बघू लागला. "कुठंय तो? दिसत नाही."

दादांनी शर्ट मशीनवर घेतला आणि न जुळणारं ठिगळ लावायला घेतलं.

मी आता गंजलो आहे, दोरा नीट पकडवत नाही. पण मित्रांनो, एवढं सांगायचं राहिलं होतं. तुम्ही ज्याला जीव लावलाय त्याच्या अंगावरून हात फिरवा, कान बघा, बोटांची बेचकी बघा. आणि तो उठला की तो झोपतो ती जागा उचलून बघा. तिथे तुमचं कितीही लाडकं काही असलं, तरी पाणी त्याच दिवशी तापवा. त्या मशीनखाली आता जमीन स्वच्छ आहे. दादा अजूनही डावं पाऊल तिथे जरा पुढे करूनच बसतात.